खाडी, खडी आणि आमचे प्रवासवर्णन

तृतीय वर्षाच्या वर्गात 'प्रवासवर्णन' हा वाङ्मयप्रकार शिकवून झाल्यावर मी एक स्वाध्याय दिला होता. सायकलने करता येईल अशा एखाद्या प्रवासाचे वर्णन लिहायचे. अट एवढीच की वाटेत नदी असावी आणि निदान तीन गावे असावीत. आलेल्या वह्यांमध्ये एक निबंध उठून दिसला. फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या काठाने, जाड टायरच्या 'ग्रॅव्हल' सायकलवरून, पांढऱ्या खडीच्या वाटांनी केलेला तो प्रवास होता. धुके, पॉप्लरची झाडे, दगडी पूल, चर्चची घंटा, बेकरीतला ताजा पाव असे सगळे यथास्थित होते. लेखिका फ्रान्सला गेलेली नाही. तिने मोबाइलवर व्हिडिओ पाहिले होते आणि मराठी प्रवासवर्णने वाचली होती. त्यामुळे तिला मजकूर कसा जुळवायचा हे नेमके ठाऊक होते.

ही मुलगी भिवंडी तालुक्यातल्या पूर्णा गावची. मी तिला विचारले, "अगं, तुझं गाव खाडीच्या पट्ट्यातलं. तिथलंच का नाही लिहिलंस?" ती म्हणाली, "मॅडम, आमच्या गावात बघण्यासारखं काही नाही. नुसती गोडाऊनं आहेत."

हे वाक्य तिचे नाही, आमचे आहे. मराठीचे अध्यापक, समीक्षक आणि दिवाळी अंकांचे संपादक यांनी मिळून ते तिला शिकवले आहे. प्रस्तुत लेख त्या वाक्याविरुद्ध आहे.

प्रथम या नव्या प्रवासवर्णनाचे स्वरूप पाहू. गेल्या काही वर्षांत मराठी मध्यमवर्गात सायकल परतली आहे, पण ती दुधाचे कॅन वाहणारी किंवा पोस्टमनची सायकल नव्हे. पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस ही १८९१ साली सुरू झालेली, बाराशे किलोमीटरची आणि नव्वद तासांच्या मुदतीची सफर पुरी करण्यासाठी महाराष्ट्रातून सायकलस्वार जातात. त्यासाठी आधी दोनशे, तीनशे, चारशे आणि सहाशे किलोमीटरच्या फेऱ्या इथे मारून पात्र व्हावे लागते. काही जण निवांतपणे नदीकाठाने फिरायला जातात. परत आल्यावर ते लिहितात, आणि बरेचदा चांगले लिहितात. ब्रिटनीच्या खेड्यांत रात्री-अपरात्री घराबाहेर टेबल मांडून परक्या सायकलस्वारांना कॉफी पाजणारी म्हातारी माणसे त्यांच्या लेखनात भेटतात आणि मन भरून येते. या माणसांच्या आनंदाबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

तक्रार आहे ती त्या लेखनात हमखास येणाऱ्या एका वाक्याबद्दल. ते 'आणि आपल्याकडे...' असे सुरू होते. तिकडे नदीकाठी वाट, आणि आपल्याकडे उकिरडा. तिकडे खेडे जपलेले, आणि आपल्याकडे ओरबाडलेले. तिकडच्या माणसांना सौंदर्यदृष्टी, आणि आपल्याकडच्यांना तिचा गंध नाही. या वाक्यात एक सिद्धान्त दडलेला आहे: सुंदर खेडे हे त्या लोकांच्या स्वभावातून उगवते आणि कुरूप खेडे आपल्या स्वभावातून. समीक्षकाने जिथे थांबून 'हे खरे आहे का?' असे विचारायला हवे, तिथे आम्ही 'लेखकाची तौलनिक दृष्टी' असा शेरा मारून पुढे जातो.

हे खरे नाही. फ्रान्समधला नदीकाठ स्वभावातून उगवलेला नाही. चौदाव्या लुईच्या काळात, १६६९ साली, कोल्बेरच्या पुढाकाराने जलमार्ग आणि वने यांविषयी एक राजाज्ञा निघाली. बोटी ओढणाऱ्या घोड्यांसाठी नौकानयनाच्या नद्यांच्या एका काठाला चोवीस फूट आणि दुसऱ्या काठाला दहा फूट जागा मोकळी सोडावी, तिथे कोणी झाड लावू नये, कुंपण घालू नये, असे तिने सांगितले. ते फूट आज मीटरमध्ये मोजतात: ७.८० आणि ३.२५. हेच आकडे आजच्या फ्रेंच कायद्यात आहेत. घोडे गेले, बोटी गेल्या. पण सार्वजनिक मालकीच्या नदीकाठाने पायी चालणाऱ्याचा आणि गळ टाकून बसणाऱ्याचा हक्क राहिला. ज्या वाटेला आमचा प्रवासी 'निसर्गाच्या कुशीतली पायवाट' म्हणतो, ती साडेतीनशे वर्षे सांभाळलेली मालवाहतुकीची वाट आहे. पूर्ण्याच्या गोदामांकडे जाणारा रस्ता जसा मालासाठी आहे, तशीच.

आता 'ऐतिहासिक खेडे' या कल्पनेचे पाहू. खेडी सगळीच जुनी असतात. ऐतिहासिक ती कोणीतरी ठरवावी लागतात. फ्रान्समध्ये हे काम मोठ्या प्रमाणावर सुरू केले ते एका कथाकाराने, ही गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. 'कार्मेन'चा लेखक प्रॉस्पेर मेरिमे १८३४ साली ऐतिहासिक वास्तूंचा महानिरीक्षक झाला. तो गावोगाव हिंडला, पडक्या चर्चांची आणि पुलांची टिपणे त्याने लिहिली, आणि प्रवासवृत्तान्त म्हणून ती प्रसिद्धही केली. १८४० साली सुमारे हजार वास्तूंची पहिली यादी निघाली. म्हणजे तिथे प्रवासवर्णन आधी आले आणि वारसा मागाहून. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८७८ साली एका गाढवीला घेऊन सेव्हेनच्या डोंगरांतून बारा दिवस चालला आणि पुढच्या वर्षी त्याने पुस्तक लिहिले. आज त्याच्या नावाने त्या डोंगरांत आखीव पदभ्रमणमार्ग आहे आणि त्यावरच्या गावांतली पथिकाश्रमे त्या पुस्तकाच्या पुण्याईवर चालतात. 'फ्रान्समधील सर्वांत सुंदर खेडी' ही संघटना १९८२ सालची. गावाची लोकसंख्या दोन हजारांच्या आत हवी आणि तिथे निदान दोन संरक्षित वास्तू किंवा स्थळे हवीत, अशा तिच्या अटी आहेत. सौंदर्य तिथे अर्ज करून आणि तपासणी होऊन मिळते.

या सौंदर्याची आणखी एक बाजू आहे, तिच्याकडेही आमच्या प्रवाशाचे लक्ष जात नाही. आँरी मांद्रास या समाजशास्त्रज्ञाने १९६७ साली 'शेतकऱ्याचा अंत' अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहिले, ते फ्रेंच खेड्याविषयीच. शेतीतली माणसे कमी होत गेली, तरुण शहराकडे गेले, कित्येक घरे शहरातल्यांची सुट्टीतली घरे झाली. सायकलस्वाराला दुपारच्या वेळी गावात जी शांतता भेटते, तिच्यातली काही शांतता न राहिलेल्या माणसांची असते. ती ऐकू न येणारा प्रवासी फ्रान्सवरही अन्याय करतो, कारण त्याने तिथल्या माणसांनाही देखाव्यात बसवून टाकलेले असते.

आता पूर्ण्याकडे येऊ. ठाण्यातून बाळकूमवरून निघालेला जुना आग्रा रस्ता कशेळीच्या पुलावरून खाडी ओलांडतो आणि काल्हेर, पूर्णा, राहनाळ, अंजूरफाटा असा भिवंडीत शिरतो. विदर्भातल्या पूर्णा नदीशी या गावाचा संबंध नाही. इथले पाणी उल्हास नदीचे, वसईच्या खाडीला मिळणारे. ग्रॅव्हल सायकल इथे वेगळी विकत घ्यावी लागत नाही, कारण रस्त्यावर खडी आपोआपच असते. शेजारच्या टेकड्या खाणींतून फुटतात, खडी होतात आणि कंटेनरच्या चाकांखाली पुन्हा उखडून वर येतात. युरोपात पैसे मोजून ज्या खडीवर हाडे खिळखिळी करून घ्यायची, ती इथे फुकट आहे. आमच्या सायकलस्वारांना ती ठाऊकही आहे: ठाण्याहून नाशिककडे किंवा वज्रेश्वरीकडे सरावाला जाणारे याच तालुक्यातून पहाटेच्या अंधारात जातात. लिहिण्याची वेळ येते तेव्हा मात्र हा तालुका वगळला जातो.

वगळले ते काय? पूर्ण्यापासून सायकलने सहज गाठता येईल असे अंजूर हे नाईक घराण्याचे गाव. गंगाजी नाईक अंजूरकर आणि त्यांचे भाऊ यांच्या खटपटीवाचून १७३७ ते १७३९ ची वसईची मोहीम सांगता येत नाही. त्या मोहिमेचे बखर-वाङ्मय आम्ही पदव्युत्तर वर्गात नावापुरते शिकवतो, पण अंजूर नकाशावर दाखवत नाही. उत्तरेला वज्रेश्वरी, चिमाजी आप्पांनी वसई घेतल्यावर नवस फेडून बांधलेले देऊळ. पूर्वेला लोनाड, जिथे बौद्ध लेणे आहे, जुने शिवमंदिर आहे आणि ज्या परिसरात शिलाहारांचे बाराव्या-तेराव्या शतकांतले दानलेख सापडले. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी घेतली, ती याच खाडीवर नजर ठेवून. एखाद्या फ्रेंच तालुक्यात इतका ऐवज असता तर आमच्या प्रवाशाने त्यावर दोन प्रकरणे लिहिली असती.

पण मला इतिहासाच्या यादीपेक्षा एका बांधाविषयी बोलायचे आहे. ल्वारच्या काठच्या बोट ओढण्याच्या वाटेला आपल्याकडे जोड आहे, ती खारबांधाची. खाडीचे खारे पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून आगरी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मातीचे बांध घातले, त्यांना उघाड्या ठेवल्या, भरती-ओहोटीप्रमाणे त्या राखल्या. एकट्याच्या शेतापुरता असा बांध घालता येत नाही. एका ठिकाणी फुटला की सगळ्यांची शेते खारी होतात. म्हणून तो गावाने घालायचा आणि गावाने राखायचा. त्याच बांधावरून माणसे शेतावर, मासे धरायला, मिठागरावर जात. हा नदीकाठचा सार्वजनिक मार्ग राजाज्ञेने झालेला नव्हता, श्रमाने झालेला होता. त्या श्रमाची भाषा आगरी बोलीत आहे, आणि लग्नात धवलारिणी गातात त्या धवल्यांचा जन्मही याच भातशेतीच्या जगातला. आमच्या अभ्यासक्रमात धवले 'लोकसाहित्य' या पेपरात आणि प्रवास 'ललित गद्य' या पेपरात. दोन्हींना जोडणारा बांध कुठल्याच पेपरात नाही.

आपल्याकडे कायदाच नाही, असेही कोणी म्हणू नये. १९०६चा मामलतदार न्यायालय अधिनियम आहे, ज्याखाली वहिवाटीची वाट अडवणाऱ्याविरुद्ध तहसीलदाराकडे दाद मागता येते. १९६६च्या जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आहे, जे शेताच्या बांधावरून जाण्याचा हक्क सांगते. खारभूमी विकासाचा १९७९चा कायदा आहे. कांदळवनांचा नाश थांबवावा आणि त्यांच्याभोवती पन्नास मीटरचा पट्टा मोकळा राखावा, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली निकालात सांगितले. फ्रेंचांचे सव्वातीन मीटर आणि आमचे पन्नास! शब्दांचीही वाण नाही: पाणंद, शिवरस्ता, गाडीवाट, पाऊलवाट, वहिवाट. गावनकाशावर या वाटा तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. प्रवासवर्णनाच्या एका तरी समीक्षकाने आजवर गावनकाशा हा प्रवासवर्णनाचा संदर्भग्रंथ मानला आहे का?

इथे उलट दिशेची एक पळवाट मोहात पाडते, तिलाही माझा तितकाच विरोध आहे. 'पूर्वी इथे भाताची हिरवी शेते होती, आता गोदामांचे पत्रे आहेत' असा हुंदका काढून लेख संपवता येतो. मराठी ग्रामीण ललित लेखन या हुंदक्यावर फार वर्षे पोसले आहे. पण गोदामे आकाशातून पडली नाहीत. मुंबईची जकात चुकवून माल साठवायचा, तर महापालिकांच्या हद्दीबाहेरची, ग्रामपंचायतींची आणि महामार्गालगतची गावे सोयीची होती. २०१७ साली वस्तू आणि सेवा कर आला, जकात गेली. तरी गोदामे राहिली, उलट घरपोच खरेदीच्या काळात वाढली. ज्यांनी जमिनी विकल्या किंवा भाड्याने दिल्या त्यांना भातशेतीने काय दिले होते, हे शहरात बसून विचारण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला? पूर्ण्याची ती मुलगी कॉलेजात आहे, ती कदाचित एखाद्या पत्र्याच्या भाड्यावरच. आणि ल्वारवरच्या सफरीसाठी आमच्या प्रवाशाने मागवलेले हेल्मेट, दिवे आणि हातमोजे त्याच्या दारात पोहोचले, ते बहुधा अशाच एका गोदामातून. तेव्हा पूर्णा हे त्याच्या प्रवासाच्या बाहेरचे गाव नाही. त्याच्या प्रवासाचे पहिले गाव तेच आहे.

आणि सायकली? संध्याकाळी पाळी सुटते तेव्हा अंजूरफाट्याजवळ उभे राहा. हमाल, पहारेकरी, माल बांधणारे, यंत्रमागावरचे कामगार सायकलवरून जाताना दिसतात. उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, विदर्भ-मराठवाड्यातून आलेली ही माणसे आहेत. हँडलला डबा, मागे बसलेला भाऊबंद, दिवा नाही, शेजारून कंटेनर. खडीवर सायकल चालवण्याचे कौशल्य यांच्याइतके कोणाच्या अंगी असेल? त्यांच्या प्रवासाला आम्ही 'येणे-जाणे' म्हणतो. 'प्रवास' हा शब्द ज्याला परतीचे तिकीट आणि रजा मिळते त्याच्यासाठी राखून ठेवला आहे.

यावर येणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला आक्षेप असा की, प्रवासवर्णनाला अपूर्वता लागते. रोजच्या रस्त्याचे वर्णन म्हणजे प्रवासवर्णन नव्हे. पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' १९६० साली पुस्तकरूपाने आले आणि त्यानंतर हा निकष जणू नावातूनच पक्का झाला. पण त्या पुस्तकाची खुमारी परदेशात पोहोचलेल्या मराठी माणसाच्या फजितीत आहे. तो स्वतःला हसतो, मागे राहिलेल्यांना नव्हे. अनुकरण करणाऱ्यांनी परदेश उचलला आणि ते हसू सोडून दिले. शिवाय या प्रकाराची आमच्याकडची पहिली मोठी कृती कोणती? वरसईच्या विष्णुभट गोडशांचा 'माझा प्रवास'. गोडसे देखावे पाहायला निघाले नव्हते. घरच्या कर्जामुळे दक्षिणा मिळवायला निघाले होते आणि १८५७च्या वणव्यात सापडले. १९०७ साली प्रसिद्ध झालेले ते पुस्तक म्हणजे पोटासाठी केलेल्या प्रवासाचे वर्णन आहे. अंजूरफाट्यावरचा पहारेकरी गोडशांच्या जवळचा की ल्वारवरचा सायकलस्वार, हे ज्याने त्याने ठरवावे.

दुसरा आक्षेप: हे समाजशास्त्र झाले, साहित्य कुठे आहे? त्याला इरावती कर्वे यांनी १९४९ सालीच उत्तर देऊन ठेवले आहे. 'परिपूर्ती'तला 'वाटचाल' हा लेख पंढरीच्या वाटेवरचा आहे. बरोबर चालणारी माणसे जेवायला मात्र जातीजातींनी वेगळी बसतात, ही बोच त्यात आहे, आणि चालण्याचा आनंदही आहे. एकाने दुसऱ्याला मारलेले नाही. समाज पाहिला म्हणून गद्य कोरडे पडते ही समजूत आळसाची आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. माणसाला सुंदर जागी जाऊन सुख घेण्याचा हक्क नाही का? आहे, निःसंशय आहे. म्हणूनच तर प्रश्न विचारायचा. नदीकाठाने निर्धास्त सायकल चालवण्याचे सुख जर खरोखर इतके मोलाचे असेल, तर ते पूर्ण्याच्या मुलीला तिच्या खाडीकाठी का मिळू नये? तिला ते मिळू शकते असा विचारही ज्या लेखनातून सुचत नाही, उलट 'आपल्याकडे हे व्हायचेच नाही' अशी शिकवण मिळते, ते लेखन सुखाची बाजू घेते असे कसे म्हणायचे?

असो. मी त्या मुलीला तोच स्वाध्याय पुन्हा करायला सांगितला, या वेळी फ्रान्स वगळून. पंधरा दिवसांनी तिने चार पाने आणून दिली. भाषा पहिल्या निबंधाइतकी सफाईदार नव्हती. आजीला विचारून तिने उघाडीकडे जाणारी जुनी वाट शोधली होती. मावसभावाची सायकल घेऊन ती त्या वाटेने गेली. वाट एका गोदामाच्या कुंपणभिंतीशी संपली. पहारेकऱ्याने हटकले, मग विचारपूस केली आणि शेवटी आपली गावाकडची नदी कशी आहे ते सांगत बसला. भिंतीपलीकडे खाडीचा वास येत होता, पण पाणी दिसले नाही, असे तिने लिहिले होते. आजीच्या तोंडचे तीन शब्द मला शब्दकोशात सापडले नाहीत.

गुण देताना मी अडले. आमच्या गुणदानाच्या तक्त्यात 'निसर्गवर्णन', 'भाषासौंदर्य' आणि 'अपूर्वता' असे रकाने आहेत. त्या हिशेबाने पहिल्या निबंधाला चौदा गुण मिळाले होते. दुसऱ्याला नऊच्या वर देता येईनात. मी पंधरा दिले आणि कारण विचारले गेले तर हा लेख दाखवायचे ठरवले.

माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना एवढेच सांगणे आहे. पुढच्या वेळी अभ्यासमंडळाची बैठक होईल तेव्हा प्रवासवर्णनाच्या घटकात एक स्वाध्याय सक्तीचा करा: विद्यार्थ्याने आपल्या गावचा गावनकाशा तलाठ्याकडून पाहून घ्यावा, त्यावरची एक तुटक रेषा निवडावी, तिच्यावरून चालत किंवा सायकलने जावे, आणि ती जिथे अडते तिथवरचे लिहावे. पूर्ण्याला आता मेट्रोचे स्थानक आखलेले आहे. ते चालू झाले की खाडीचा हा पट्टा उंचावरच्या डब्याच्या खिडकीतून झरकन मागे पडेल आणि खाली काय होते ते विचारणारेही कमी होतील. त्याआधी निदान शंभर वह्या तरी आपल्या हाती असाव्यात.